दुसरी खूण

प्रयोगशाळेत नवं माणूस आलं की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. मोठ्या फ्रीजरचं दार हाताने लागत नाही, खांद्याने ढकलावं लागतं. आणि ताईंच्या तबकाला हात लावायचा नाही.

तबक स्टीलचं, लांबट, दोन बाजूंना दोन कड्या. काठावर कधीकाळी वेलबुट्टी होती. ती आता डोळ्यांना दिसत नसे, बोट फिरवलं तर कळे. मूळचं ते ताईंच्या सासूबाईंचं, पाहुण्यांना चहा द्यायचं. प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली त्या वर्षी ताईंनी ते घरून नेलं ते नेलंच. सासूबाई अजूनही आल्यागेल्याला सांगत, "माझं चांगलं तबक हिने नोकरीला लावलंय."

नोकरीला लावायला कारण होतं. नव्या इमारतीचा नकाशा ज्याने काढला, त्याने पेशी हाताळायच्या खोलीला दार ठेवलं ते माणूस जाण्यापुरतं. इनक्युबेटर, म्हणजे पेशींना अंगाएवढी ऊब देणारं कपाट, त्यातून आत जाईना. तिरकं करून पाहिलं, दाराची फळी काढून पाहिली. शेवटी ते तात्पुरतं म्हणून कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत ठेवलं, आणि तात्पुरत्या गोष्टींचं जे होतं तेच त्याचं झालं. तेव्हापासून पेशींच्या प्लेटा तिथून काढायच्या, कॉरिडॉरभर चालत आणायच्या, त्यांत घालायचं ते घालायचं आणि पुन्हा उबेला नेऊन ठेवायच्या. मध्ये भिंतीलगत फ्रीजरांची रांग. ती यंत्रं तापू नयेत म्हणून तिथे एसी असा सोडलेला, की शिपाईसुद्धा तिथून जाताना स्वेटरची बटणं लावत.

ताई मात्र तिथून चालत नसत, सुटत. दुसऱ्या टोकाला दूध उतू चाललंय अशी त्यांची चाल. चपलांचा आवाज आधी, ताई मागून. तबक छातीशी, नजर समोर, वाटेत कोणी आलं तर "बाजूला" एवढाच शब्द. वय चोपन्न. पदनामाच्या आधी 'वरिष्ठ' लागलं होतं आणि त्यापुढे काही लागणार नव्हतं, हे त्यांना आणि सगळ्यांना माहीत होतं. प्रमुख झालेले सर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान; एके काळी ताईंकडूनच नळीत मोजून थेंब सोडायला शिकलेले. ताईंना त्याचं दुःख नव्हतं. दुःख करायला बसावं लागतं, आणि ताईंना बसायची सवय नव्हती.

काम सांगायला सोपं होतं, करायला किचकट. माणसाच्या कातडीच्या पेशीत एक प्रथिन असतं. जखम झाली की ती भरून आणणारी जनुकं वाचली जावी लागतात. कुठली वाचायची आणि कधी, हे ठरवणाऱ्यांपैकी ते एक. एरवी ते पेशीत नुसतं पडून असतं. बाहेरून निरोप आला, म्हणजे जखमेच्या जागी सुटणारा एक पदार्थ पेशीला येऊन चिकटला, की आतली कायनेज नावाची प्रथिनं जागी होतात आणि या आळशाच्या अंगावर ठरलेल्या जागी फॉस्फेटची बारीकशी खूण चिकटवतात. खूण नखाच्या मळाएवढीही नाही, पण तिच्यावर विजेचा भार असतो, आणि तेवढ्याने प्रथिनाचा सगळा बाकच बदलतो. ते केंद्रकात शिरतं, डीएनएवर जाऊन बसतं, आणि बंद पडलेलं वाचन सुरू होतं. काम भागलं की दुसरी प्रथिनं येऊन खूण काढून नेतात, की हे परत जिथल्या तिथे. मधल्या काळात प्रथिन वाढलेलं नसतं की घटलेलं नसतं.

"घरातली सून तीच असते," ताई नव्या मुलांना सांगत. "एक दिवस तिच्या हाती कपाटाच्या किल्ल्या येतात. वजन कितीसं वाढलं? मूठभर. पण घरातल्या सगळ्यांचा तिच्याशी बोलायचा आवाज बदलतो."

"आणि किल्ल्या काढून घेतल्या तर?" कोणीतरी विचारतंच.

"तर परत भांडी घासायला."

ही झाली पहिली खूण. ती जगाला आधीपासून ठाऊक होती. दुसरी खूण ताईंची.

नव्या इमारतीत आल्यावर दुसऱ्या वर्षी ती त्यांना दिसली. तो जखमेचा पदार्थ पेशींना दिला की प्रथिनावर पहिली खूण येई, आणि थोड्या वेळाने त्याच प्रथिनावर आणखी एका जागी, कोणी पाहिली नव्हती अशी, दुसरी. दुसरी आली की डीएनएवरची पकड सुटे आणि वाचन थांबे. ताईंनी खास त्या खुणेलाच पकडणारी अँटिबॉडी करून घेतली. पेशी फोडून त्यांतली प्रथिनं वेगळी केली, पडद्यावर उतरवली आणि ही अँटिबॉडी लावली, की जिथे खूण असेल तिथे काळी रेघ उमटे. पदार्थ न दिलेल्या कोऱ्या प्लेटच्या जागी काही नाही, दिलेल्या प्लेटांच्या जागी रेघ. इतकी स्वच्छ, की पाहणाऱ्याला हात फिरवावासा वाटे.

अर्थ असा निघाला, की जो पदार्थ काम सुरू करतो तोच ते थांबवायची सोयही करून ठेवतो. लोकांना हे फार आवडलं. निबंध छापला गेला, त्यातलं चित्र मोठं करून प्रयोगशाळेच्या दारासमोर लावलं गेलं. परगावाहून पाहुणे आले की सर त्यांना चित्रापाशी नेत आणि "ह्या आमच्या ताई" म्हणत. ताई मान हलवून कामाला लागत. पण चित्राची काच रोज सकाळी त्या स्वतः पुसत, हे सफाईवालीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आता वहिनी.

वहिनी म्हणजे इमारतीतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाची बायको. लग्नानंतर शिक्षण सुटलेलं, पोरं मोठी झाल्यावर पुन्हा धरलेलं. चाळिशीला टेकून ती सरांकडे पीएचडीला आली. नवऱ्यामुळे सगळा मजला तिला आधीपासून वहिनी म्हणायचा, तेच पुढे चालू राहिलं. सर म्हणत वहिनी, पोरं म्हणत वहिनी, आणि एकदा तर समितीच्या चिठ्ठीवरही टायपिस्टने तेच टाइप केलं होतं.

वहिनीचा विषय दुसऱ्या खुणेच्या पुढचा. ती खूण चिकटवणारं कायनेज कोणतं, ते शोधायचं. पण त्यासाठी आधी खूण दिसायला हवी, आणि वहिनीला ती दिसत नव्हती. दोन वर्षं झाली. पहिली खूण झकास यायची, ताईंच्यापेक्षा काकणभर सरसच. दुसरीच्या जागी पडदा कोरा.

"हात लागतो याला," सर म्हणत. वहिनीसमोरच म्हणत. "ताईंच्या हातातून येते, तुमच्या हातातून येत नाही. म्हणजे काय ते तुम्हीच समजा."

"मी समजले, सर," वहिनी म्हणायची. "लग्नात सासरचेही असंच काहीतरी म्हणाले होते."

ती हसून घालवायची, पण डब्यातलं जेवण परत जायचं. ताईंनी तिला पुन्हा पुन्हा शेजारी बसवून दाखवलं होतं. हात काही वाईट नव्हता. थेंब नीट, वेळा नीट. फक्त फार संथ. प्लेटा न्यायला ती झाकणाचा थर्माकोलचा डबा वापरी, त्यात कोमट पाण्याच्या पिशव्या अंथरून, वर टॉवेल घालून. पावलं अशी टाकी, की कोणी झोपलंय.

"अगं, बाळंतीण आहे का ती?" ताई ओरडत. "आण लवकर!"

"सांडलं म्हणजे, ताई?"

"माझं कधी सांडलंय?"

"तुमचं तबक आहे. माझ्याकडे डबाच आहे."

महिन्याअखेर समिती बसायची होती. समितीने 'प्रगती नाही' असं म्हटलं की प्रवेश रद्द. त्या वयात दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही. समितीत पद्धतीची जाणकार म्हणून ताई. वहिनीचा हात कसा आहे, हे त्यांनीच सांगायचं होतं. त्यातच एका दूरच्या प्रयोगशाळेतून सरांना फोन आला, की तुमची दुसरी खूण आम्हालाही मिळत नाही, काही युक्ती असेल तर कळवा. सर हसत म्हणाले, "त्यांच्याकडेही एक वहिनी दिसते." ताईही हसल्या. मग चित्राची काच सकाळी पुसली होती, ती दुपारी पुन्हा पुसली.

त्याच आठवड्यात ताईंचा खांदा आखडला.

सकाळी केस बांधायला हात वर केला, तो वर गेलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, या वयातल्या बायकांना होतं, सुटेल तेव्हा सुटेल. ताईंनी विचारलं, कधी? डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. हे वाक्य ताईंना आयुष्यात कोणीही सांगितलं की त्या त्या माणसाला मनातून वजा करत.

हात छातीपर्यंत चाले, त्यामुळे टेबलावरची कामं होत. पण इनक्युबेटरच्या वरच्या फळीपर्यंत पोचत नव्हता आणि भरलेलं तबक पेलत नव्हतं. समितीआधी ताईंना एकदा वहिनीसमोर सगळं पहिल्यापासून करून दाखवायचं होतं; सरांचीही तीच इच्छा होती. म्हणून ठरलं, बाकी सगळं ताईंनी करायचं, वहिनीने फक्त ने-आण करायची.

"तबक घेऊ?" वहिनीने विचारलं.

"नको. तुझाच डबा घे. तबक पाडशील."

पडदा तयार झाला तेव्हा दोघी त्यावरच्या रेघा टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या लहानशा अंधाऱ्या खोलीत उभ्या होत्या. पहिली खूण नेहमीसारखी आली. दुसरीच्या जागी काही नव्हतं. कोऱ्या प्लेटच्या जागीही नाही, दिलेल्या प्लेटांच्या जागीही नाही.

"माझी सावली पडली असणार," वहिनी हळूच म्हणाली.

ताईंनी अँटिबॉडी जुनी झाली असेल म्हणून नवी काढली. खूण काढून टाकणाऱ्या प्रथिनांना आवरणारं औषध पेशी फोडताना घालायचं असतं, ते राहिलं का म्हणून पाहिलं, राहिलं नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा कोरं. तिसऱ्यांदाही तेच.

"ताई, एक विचारू?" वहिनी म्हणाली. "या वेळी हात कोणाचा होता?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. पण ताई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

घरी वेगळंच चाललं होतं. सासूबाईंचं रक्तदाब मोजायचं यंत्र ताईंच्या ताब्यात असे. सकाळी कामाला निघायच्या आधी त्या सासूबाईंना उठवत, हाताला धरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आणत, कारण यंत्राची वायर तिथल्याच प्लगला पुरे, आणि दंडाला पट्टा गुंडाळून आकडा पाहत. आकडा वर. दर महिन्याला वर. डॉक्टर त्याप्रमाणे गोळी वाढवत, आणि गोळी वाढली की सासूबाई दुपारभर पेंगत. "ही मला झोपवूनच मारणार," असं त्या शेजारणीला सांगत, तेही ताई ऐकत असताना.

खांद्यामुळे हे काम ताईंच्या यजमानांकडे आलं. ते शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले, घरातही शिट्टी वाजवल्यासारखं बोलणारे. त्यांनी कुठूनशी लांब वायर आणली, यंत्र आईच्या उशाशी नेलं आणि अंथरुणातच मोजलं. आकडा अगदी नेमस्त. दुसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आईला काही झालेलं नाही. यंत्र सुनेला घाबरतं."

"यंत्र कशाला," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "झोपेतून ओढून, गार फरशीवरून चालवत नेते ती मला. सपाता घालायलाही सवड देत नाही. वर तो गार पट्टा. आणि मग म्हणते, आई, तुमचा आकडा चढलाय. चढेल नाही तर काय!"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" ताई म्हणाल्या.

"बोलले. तू निघाली होतीस."

ताई एका हाताने पर्स खांद्यावर चढवत होत्या. पर्स कोपरातच राहिली. यजमानांनी विचारलं, "अगं, उशीर नाही होत?" त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

कोरी प्लेट. त्यांना कोरी प्लेट आठवत होती. ज्या प्लेटमध्ये काहीच घालायचं नाही ती तबकात न्यायची कशाला? ती इनक्युबेटरमध्येच राही, सगळ्यांत शेवटी निघे आणि तिथल्या तिथेच बर्फावर ठेवून लगेच फोडली जाई. बाकीच्या प्लेटा गार तबकात, गार कॉरिडॉरमधून, ताईंच्या चालीने, डुचमळत जात आणि तशाच परत येत. नुसतं पाणी घालून ने-आण केलेली एक प्लेट सोबत हवी असते, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. ती ताईंनी केली होती. नीट केली होती. पण जुन्या इमारतीत, जिथे इनक्युबेटर पाठीशीच होता आणि प्लेट न्यायला पाऊलही टाकावं लागत नसे. तिथे पहिल्या खुणेच्या वेळी ती कोरी आली, मग तो प्रश्न मिटला असं धरून सगळे नव्या इमारतीत राहायला आले. सामानाबरोबर उत्तरही हलवून आणलं.

त्या दिवशी ताई कॉरिडॉरमधून चालत आल्या. म्हणजे खरोखर चालत. सफाईवालीने विचारलं, "बरं नाही का?"

वहिनीला त्यांनी एवढंच सांगितलं, की तीन प्लेटा लागतील. एक जागची हलणार नाही. एकीत जखमेचा पदार्थ घालायचा आणि ती डब्यातून, टॉवेल घालून, बाळंतिणीसारखी न्यायची-आणायची. एकीत नुसतं पाणी घालायचं आणि ती तबकातून.

"तबक मी घेऊ?" वहिनीला खरं वाटेना.

"घे. आणि पळ."

"पळू?"

"मी पळते तशी. उशीर झालाय असं समज. बस चुकणार आहे, पोर शाळेतून येणार आहे, गॅसवर काहीतरी आहे. सगळं एकदम समज."

"ते समजायला कशाला लागतं?" वहिनी म्हणाली आणि तबक उचललं.

कॅमेऱ्याच्या खोलीत पडद्यावर चित्र उमटायला थोडा वेळ लागतो. आधी सगळं करडं, मग हळूहळू काळं तेवढं वर येतं. जागची न हललेली प्लेट कोरी. पदार्थ घालून डब्यातून नेलेली, पहिली खूण ठसठशीत, दुसरी नाही. आणि नुसतं पाणी घालून तबकातून नेलेली प्लेट, जिला पदार्थाचा थेंब लागला नव्हता, तिच्या जागी दुसरी खूण. स्वच्छ. बाहेर चित्रात होती तशीच.

वहिनी पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"म्हणजे खूण आहे," ती म्हणाली. "खोटी नाही."

"खूण आहे. पदार्थाने नाही आली. पेशी गारठल्या की येते. गारठल्या, हिंदकळल्या, आणि जखम भरायचं काम त्यांनी थांबवलं. एवढंच."

"एवढंच म्हणजे केवढं, ताई!"

"माझ्या निबंधात एवढंही नाहीये," ताई म्हणाल्या आणि दिवा लावला.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं, खोलीचं दार लोटून घेतलं.

"किती जणांना ठाऊक आहे?"

"दोघींना. आता तुम्हाला."

"ताई, बसा." ताई बसल्या नाहीत. "हे आपण शांतपणे करू. वहिनींना मी काढत नाही, शब्द देतो. विषय बदलून देतो, समितीला सांगतो की विषयच अवघड होता. त्यांचंही भलं होईल आणि तुमचंही आहे तिथे राहील. चार वर्षांनी तुम्ही निवृत्त व्हाल. तोवर कोणीतरी दुसरं हे शोधून काढेल, आपोआप. तुम्हीच कशाला?"

ताईंनी विचार केला नाही असं नाही. सर म्हणत होते त्यात वहिनी राहत होती, चित्र राहत होतं, सकाळी काच पुसणं राहत होतं.

"आणि तिच्या हाताचं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"हाताचं काहीच नाही लिहायचं."

"सगळ्या मजल्याला तुम्ही सांगितलंय, तिला हात नाही म्हणून. मीही म्हटलंय. काही लिहिलं नाही तर तेच राहील. दोन वर्षं ती प्लेटा ऊब धरून नेत होती. आपल्यापैकी नीट काम करणारी ती एकटी होती, म्हणून तिला आपण नापास करत होतो."

"ताई, तुमचं नाव त्या एका गोष्टीवर आहे."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरी नाही, म्हणून तर ही बरोबर असायला हवी होती."

समितीत ताईंनी भाषण केलं नाही. तीन प्लेटांचं चित्र लावलं, कोणती कशी नेली ते सांगितलं. एका बाहेरच्या सदस्याने चष्मा वर करून विचारलं, "तबक म्हणजे नक्की काय?" ताईंनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी त्याला हात लावून पाहिला. गार होतं. कोणीतरी हसलं, मग ताई हसत नाहीत हे पाहून थांबलं. वहिनीची प्रगती समाधानकारक, असं ठरलं. निबंधाबद्दल मासिकाला कळवायचं ठरलं. सर सगळा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत होते. पण सहीची वेळ आली तेव्हा त्यांनी पहिली सही केली.

चित्र आठवडाभराने उतरवलं. भिंतीवर त्या जागी उजळ चौकोन राहिला. सफाईवालीने ताईंना विचारलं, "आता इथे काय लावायचं?" ताई म्हणाल्या, घड्याळ लाव.

तबक घरी आलं. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "किती चरे पाडलेत," म्हणाल्या. "आणि वास कसला येतोय?" दोनदा घासून त्यात त्यांना चहा मिळायला लागला, अंथरुणातच. गोळी निम्मी झाली होती. आता त्या दुपारी जाग्या असत, त्यामुळे घरात दोष काढायला दुपारही मोकळी झाली होती.

वहिनी आली ती एका रविवारी सकाळी, हातात तिचा थर्माकोलचा डबा घेऊन. नवा विषय तिला मिळाला होता: पेशी गारठली की दुसरी खूण कोणतं कायनेज चिकटवतं, आणि ऊब मिळाल्यावर ती कोण काढून नेतं. त्यासाठी आता ती खूण हटकून यायला हवी होती. आणि येत नव्हती.

"नवं तबक घेतलं," ती म्हणाली. "पातळ आहे. येते, पण पुसट. तुमचंच पाहिजे."

"मिळणार नाही," सासूबाई आतून म्हणाल्या. "मग चहा कशातून देणार मला?"

वहिनीने डबा त्यांच्यापुढे ठेवला. झाकण उघडून आतल्या कोमट पिशव्या दाखवल्या. "यात ठेवला तर चहा तासभर गरम राहतो, आजी."

सासूबाईंनी आत हात घालून पाहिला. मग सुनेकडे पाहिलं. "हिला अक्कल आहे," म्हणाल्या.

अशी अदलाबदल झाली. पण सोमवारी तबक मिळूनही खूण पुसटच आली, आणि वहिनी ताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तबकाकडे, आणि उठून तिच्याबरोबर कॉरिडॉरमध्ये गेल्या.

"चाल पाहू."

वहिनी तबक धरून चालली. फ्रीजरांपाशी एक पोरगा आडवा आला, तशी ती थांबली, त्याला जाऊ दिलं, मग निघाली.

"थांबलीस कशाला? त्या दिवशी कशी पळाली होतीस?"

"तो येत होता ना, ताई."

"मी थांबायचे का?"

"नाही."

"मग? आणि तबक इतकं सरळ नको. डावीकडे जरा कलू दे, मी कडीवरचा हात बदलायचे तिथे. नजर खाली नको. पुन्हा."

वहिनी परत टोकाला गेली. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आखडलेला हात दुसऱ्या हाताने कोपरात धरलेला. लांबून वहिनी येताना दिसली. चपलांचा आवाज आधी, वहिनी मागून. प्लेटांमधलं पेशींच्या पोषणाचं गुलाबी पाणी काठाला लागत होतं.

"अजून थोडं," ताई म्हणाल्या. "अजून माझ्याइतकं वाईट नाही."